एका दिवसाचे शहर

मराठीत ‘पाहणे’ आणि ‘दिसणे’ ही दोन क्रियापदे एकाच इंद्रियाच्या व्यापाराविषयी बोलतात. परंतु त्यांची घडण एक नाही. ‘त्याने शहर पाहिले’ या वाक्यात कर्तेपण माणसाकडे जाते आणि शहर हे कर्म होऊन त्याच्या स्वाधीन होते. ‘त्याला शहर दिसले’ असे म्हटले की कर्तेपण शहराकडेच राहते. जेवढे त्याने दाखविले तेवढे समोरच्या माणसाला प्राप्त होते, आणि त्या प्राप्तीत काही उरले असेल अशी सूचनाही त्या वाक्यात राहते. प्रवासातून परतलेला माणूस बहुधा पहिले वाक्य उच्चारतो. त्या उच्चारात एक दावा दडलेला असतो, आणि तो खरा आहे की नाही याची विचारणा त्याला सहसा कोणी करीत नाही.

हा दावा सर्वांत उघडा पडतो तो सहलीच्या मोठ्या जहाजावरून उतरणाऱ्या प्रवाशाच्या बाबतीत. जहाज पहाटे बंदराला लागते, संध्याकाळी सुटते. मधल्या आठदहा तासांत एका अनोळखी शहराशी त्याचा परिचय व्हावयाचा असतो. जेवण जहाजावर, झोप जहाजावर, सामानही जहाजावर; शहरात येतात ते केवळ डोळे, पाय आणि थोडे पैसे. अशा परिचयाला काय म्हणावे? आणि ज्या शहराशी तो घडतो, त्या शहराचे पाहणाऱ्यावर काही देणे लागते काय? हा प्रश्न शिष्टाचाराचा वाटला तरी त्याचे मूळ नीतीत आहे. कारण दुसऱ्याचे जगणे हा स्वतःच्या करमणुकीचा विषय करताना मर्यादा कोणती, हे त्यात विचारले गेले आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरे रूढ आहेत. पहिले तुच्छतेचे: असा प्रवासी काहीच पाहत नाही, तो शहरांची मोजदाद करतो, त्याला गावाची ओळख होणे शक्यच नाही. दुसरे निरागसतेचे: तो कोणाचे काही घेत नाही, चार पैसे खर्च करून जातो, त्याच्या आनंदावर नीतीचे ओझे कशाला? दोन्ही उत्तरांत एक गृहीत समान आहे. पाहण्याची खोली ही काळाच्या लांबीवर अवलंबून असते, असे दोघेही मानतात. एकजण तोकडा काळ म्हणून दोष देतो, दुसरा तोकडा काळ म्हणून सूट देतो. हे गृहीत कितपत टिकते हे पाहण्यासाठी एखादे खरे शहर समोर ठेवणे बरे. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील चिली देशाचे वालपाराइसो हे बंदर त्यासाठी फार उपयोगी आहे. कारण जहाजातून उतरून थोड्या वेळात निघून जाणाऱ्या माणसांनीच ते शहर घडविले आहे.

वालपाराइसो या नावाचा अर्थ नंदनवनाचे खोरे. १५३६ साली हुआन दे सावेद्रा हा स्पॅनिश कप्तान या उपसागरात आला. पण इतर स्पॅनिश नगरांप्रमाणे या गावाची विधिपूर्वक स्थापना कधी झाली नाही. गाव आपोआप वाढले. समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये सपाट जमिनीची एक अरुंद पट्टी आहे, तीही पुष्कळशी भराव घालून मिळविलेली. तिच्यामागे चाळीसहून अधिक टेकड्या अर्धवर्तुळात उभ्या आहेत. समुद्रातून पाहणाऱ्याला शहर एखाद्या प्रेक्षागृहासारखे भासते: पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली घरे, आणि सर्वांची तोंडे समुद्राकडे. घरांच्या भिंतींना बाहेरून पन्हळी पत्रे ठोकलेले असतात, आणि पत्र्यांना निळा, पिवळा, तांबडा, हिरवा असे भडक रंग. टेकड्यांवर चढण्यासाठी रुळांवरून दोरखंडाने ओढले जाणारे उद्वाहक आहेत. पहिला १८८३ साली कोन्सेप्सिओन टेकडीवर सुरू झाला, आणि पुढे अशा उद्वाहकांची संख्या तिसाच्या घरात गेली. आज त्यांपैकी मोजकेच चालू स्थितीत असतात. काही वर्षानुवर्षे दुरुस्तीची वाट पाहत बंद राहिले आहेत.

एका दिवसाच्या प्रवाशाचा मार्ग जवळपास ठरलेला असतो. धक्क्यावरून तो सोतोमायोर चौकात येतो. तेथे १८७९ च्या इकिके येथील सागरी युद्धात पडलेल्या आर्तुरो प्रात आणि त्याच्या सोबत्यांचे स्मारक आहे आणि मागे नौदलाच्या मुख्यालयाची भव्य इमारत. मग एखाद्या उद्वाहकातून तो आलेग्रे अथवा कोन्सेप्सिओन टेकडीवर चढतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रज आणि जर्मन व्यापाऱ्यांनी येथे घरे बांधली. त्यांची प्रार्थनामंदिरे अजून उभी आहेत. अरुंद गल्ल्या, भिंतींवरची चित्रे, खाली चमकणारा उपसागर. दुपारी कवी पाब्लो नेरूदा यांचे ‘ला सेबास्तियाना’ हे घर, आणि उतरताना बंदरातून नावेने एक फेरी. २००३ साली युनेस्कोने या शहराचा ऐतिहासिक भाग जागतिक वारसा म्हणून मान्य केला. हा मार्ग बहुतांशी त्या भागातून आणि त्याच्या लगतच्या टेकड्यांवरून जातो. यात खोटे काही नाही. जे दाखविले जाते ते खरोखरच सुंदर आहे.

या शहराला क्षणिक पाहुण्यांचे वावडे कधी नव्हते. पनामाचा कालवा होण्यापूर्वी युरोपातून अथवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून प्रशांत महासागरात येणाऱ्या जहाजाला दक्षिणेचे हॉर्न भूशिर वळसून किंवा मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून यावे लागे. त्या खडतर प्रवासानंतरचे मोठे विसाव्याचे बंदर म्हणजे वालपाराइसो. १८३४ साली ‘बीगल’ जहाजातून चार्ल्स डार्विन येथे उतरला. १८४८ नंतर कॅलिफोर्नियातील सोन्याकडे धावणारी जहाजे येथे थांबून पुढे गेली, आणि चिलीचा गहूही त्यांच्याबरोबर उत्तरेस गेला. निकाराग्वाचा तरुण कवी रूबेन दारिओ १८८६ मध्ये चिलीला आला. स्पॅनिश कवितेला नवे वळण देणारे त्याचे ‘आसूल’ हे पुस्तक १८८८ साली याच शहरात छापले गेले. पेढ्या आल्या, वृत्तपत्रे आली. १८२७ साली येथे सुरू झालेले ‘एल मेर्कुरिओ’ हे जगातील सर्वांत जुन्या चालू स्पॅनिश दैनिकांत गणले जाते. मग १९०६ च्या ऑगस्टमध्ये भूकंप झाला आणि सुमारे तीन हजार माणसे मेली. त्यातून शहर उभे राहते न राहते तोच १९१४ च्या ऑगस्टमध्ये पनामाचा कालवा खुला झाला. जहाजांना आता दक्षिणेकडे वळण्याचे कारणच उरले नाही. कोणीही हल्ला न करता, एकही घर न पडता, शहराचे नशीब हजारो मैलांवर खोदलेल्या एका चरातून वाहून गेले.

या इतिहासात एक उपरोध आहे. ज्या मार्गाने खलाशी जिवावर उदार होऊन येत, कारण दुसरा मार्गच नव्हता, त्याच मार्गाने आज प्रवासी हौसेने येतो, कारण दुसरा मार्ग असूनही त्याला हा हवा असतो. गरजेची जागा निवडीने घेतली, आणि नीतीचा प्रश्न येथेच उत्पन्न होतो. वादळाने ढकललेल्या खलाशाला ‘तू येथे कशासाठी आलास’ असे विचारण्यात अर्थ नव्हता. स्वेच्छेने आलेल्या माणसाला ते विचारता येते.

तो आला आहे पाहण्यासाठी. मग त्याला काय दिसत नाही, याचा विचार केला पाहिजे. टेकड्यांच्या कमरेवरून, समुद्रापासून सुमारे शंभर मीटर उंचीवर, आलेमानिया नावाचा एक वळणावळणांचा रस्ता एका टेकडीवरून दुसरीवर जातो. स्थूलमानाने असे म्हणता येते की, प्रवाशाचे शहर या रस्त्याच्या खाली आहे आणि त्याच्या वर दुसरे शहर सुरू होते. तेथे घळींच्या उतारांवर माणसांनी मिळेल त्या लाकडाने आणि पत्र्याने घरे उभी केली आहेत. अनेकांना जमिनीची कागदपत्रे नाहीत, पाण्याची सोय अपुरी आहे, रस्ते इतके अरुंद आहेत की अग्निशमनाची गाडी शिरत नाही. १२ एप्रिल २०१४ रोजी वरच्या रानात आग लागली. वाऱ्याने ती घळींतून खाली आली आणि लास कान्यास, ला क्रूस, मेर्सेद या टेकड्यांवरील वस्त्या जळाल्या. १५ माणसे मरण पावली आणि अडीच हजारांहून अधिक घरे नष्ट झाली. वारसा म्हणून मान्य झालेला भाग मात्र बचावला. धक्क्यावरून पाहता वरची घरे आणि खालची घरे एकाच चित्रातले रंगाचे ठिपके वाटतात. अंतर जसे वाढते तसे दारिद्र्य रमणीय होते. हा डोळ्याचा दोष नव्हे, तो प्रकाशाचा आणि अंतराचा धर्म आहे. परंतु त्या रमणीयतेवरून ‘येथील माणसे किती आनंदी आहेत’ असा निष्कर्ष काढला, तर तो दोष मात्र पाहणाऱ्याचा.

पत्र्यांचेच उदाहरण घ्यावे. माती आणि लाकूड यांच्या भिंतींना पावसापासून आणि खाऱ्या वाऱ्यापासून आच्छादन हवे होते. बंदर असल्यामुळे परदेशी पत्रा हाताशी होता. रंग हा त्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून. डोळ्यांना सुख वाटावे हा हेतू नंतरचा. प्रवाशाला जो उत्सव दिसतो तो एका सामान्य माणसाची काटकसर आणि दूरदृष्टी आहे. हे कळल्याने रंग फिके होत नाहीत. उलट त्यांना माणसाच्या हाताचा स्पर्श असल्याची जाणीव होते, आणि सौंदर्याचा अनुभव अधिक खरा होतो. येथवर तुच्छतावाद्यांचे म्हणणे मान्य करता येईल: एका दिवसात बरेच काही दिसत नाही.

परंतु त्यांचा पुढचा निष्कर्ष, की दीर्घकाळ राहिल्याने ते दिसते, मान्य करणे कठीण आहे. आणि याचा पुरावा याच उपसागराच्या पाण्यावर तरंगत होता.

११ सप्टेंबर १९७३ रोजी राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांच्याविरुद्ध जो लष्करी उठाव झाला, त्याची सुरुवात वालपाराइसोत झाली. पहाट होण्यापूर्वीच नौदलाने शहर ताब्यात घेतले होते. ज्या आउगुस्तो पिनोचेत यांची राजवट त्यातून आली, त्यांचा जन्म १९१५ साली याच शहरातला. पुढच्या दिवसांत पकडलेल्या माणसांना ठेवण्यासाठी तुरुंग अपुरे पडले, तेव्हा बंदरातली जहाजे वापरण्यात आली. ‘लेबू’ नावाच्या मालवाहू जहाजाच्या तळघरात शेकडो कैदी कोंडले होते. ‘एस्मेराल्दा’ हे नौदलाचे शिक्षणजहाज, चार डोलकाठ्यांचे, पांढरेशुभ्र. चिलीत त्याला ‘गोरी बाई’ अशा अर्थाच्या लाडक्या नावाने ओळखतात. त्या जहाजावर माणसांचा छळ झाला. तेथे छळ सोसल्यानंतर त्याच सप्टेंबरमध्ये मरण पावलेल्यांत टेकड्यांवरील गरीब वस्तीत राहून काम करणारे धर्मोपदेशक मिगेल वुडवर्ड हे होते. त्यांचा देह कुटुंबाच्या हाती कधी आला नाही. राजवट संपल्यानंतर नेमलेल्या सत्य व समेट आयोगाच्या १९९१ च्या अहवालात या जहाजाची नोंद छळाचे ठिकाण म्हणून आहे.

प्रेक्षागृहासारख्या या शहराची रचना येथे भयंकर अर्थाने आठवते. हजारो घरांची तोंडे समुद्राकडे होती, आणि समुद्रावर ती जहाजे होती. पाहणाऱ्यांना काळाची कमतरता नव्हती. कित्येक जण पिढ्यान्पिढ्या तेथे राहत होते. काहींना ठाऊक होते आणि बोलणे जिवावर बेतणारे होते. काहींना ठाऊक नव्हते. आणि काहींनी ठाऊक करून घेतले नाही. भीतीने मिटलेल्या डोळ्यांना दुरून दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. तथापि एवढे खरे की, रोज दिसणारी वस्तू रोज पाहिली जातेच असे नाही. परिचयानेही आंधळेपण येते, आणि ते अपरिचयाच्या आंधळेपणाहून अधिक दाट असू शकते. शतकापूर्वी, ३१ मार्च १८६६ रोजी, स्पॅनिश आरमाराने या असंरक्षित बंदरावर तोफा डागल्या तेव्हा ब्रिटिश आणि अमेरिकन युद्धनौका जवळच होत्या. त्यांनी बाजूला सरून ते घडू दिले. त्यांना तर सर्व काही स्वच्छ दिसत होते. काळ असून न पाहणे आणि दिसत असून काही न करणे, ही दोन्ही उदाहरणे एकाच पाण्यावरची आहेत. काळाची लांबी हा निकष येथे उपयोगी पडत नाही.

मग निकष कोणता? याचे उत्तर शोधताना प्रवाशाच्या मार्गावरचे नेरूदांचे घर वाटेत येते, आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिक होणार नाही. १९६१ पासून हे घर त्यांचे झाले. खिडक्यांतून सारे बंदर दिसते, आणि घराची रचनाच जणू पाहण्यासाठी केलेली. ज्या कवीने साध्या वस्तूंना, कांद्याला, मिठाला, मोज्यांना कवितेत मान दिला, त्याच्या दृष्टीचे हे मंदिर मानले जाते. हाच कवी तरुणपणी चिलीचा वाणिज्यदूत म्हणून रंगून आणि कोलंबो येथे होता. १९७४ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्याने कोलंबोतील एक प्रसंग स्वतः लिहिला आहे: रोज पहाटे शौचकूप साफ करावयास येणाऱ्या एका तमिळ स्त्रीवर त्याने बळजबरी केली. तिच्या रूपाचे वर्णन त्याने केले आहे, तिला पुतळ्याची उपमा दिली आहे, तिने केलेला तिरस्कार योग्य होता असेही म्हटले आहे. तिचे नाव त्या पुस्तकात नाही. २०१८ साली सांतियागोच्या विमानतळाला नेरूदांचे नाव देण्याचा प्रस्ताव चिलीच्या संसदेत पुढे आला, तेव्हा तेथील स्त्रियांनी याच पानांची आठवण करून देऊन विरोध केला.

भारतीय उपखंडातून त्या घरात येणाऱ्या माणसाला हे ठाऊक असेल, तर खिडकीतून दिसणारा समुद्र त्याला निराळा दिसेल. कवी कोलंबोत एका दिवसाचा प्रवासी नव्हता. तो तेथे राहत होता, तिला रोज पाहत होता, आणि त्याच्याइतकी तीक्ष्ण दृष्टी फार थोड्यांना लाभते. तरीही ती स्त्री त्याच्या दृष्टीत आकृती राहिली. तिच्याकडूनही आपल्याला कोणी पाहत आहे, आपला न्याय करीत आहे, याची जाणीव त्याला झाली ती कृत्यानंतर. दृष्टीची तीक्ष्णता हाही निकष पुरा पडत नाही, हे यातून दिसते. कविता खोटी ठरत नाही, आणि कृत्य सौम्य होत नाही. वाचकाला दोन्ही एकत्र वागवावी लागतात. निकष असा मांडावा लागतो: पाहणाऱ्याने समोरच्यालाही पाहणारा मानले आहे काय? ज्याच्याकडे पाहिले जाते तो उलट प्रश्न विचारू शकतो, नकार देऊ शकतो, हे ज्या दृष्टीला मान्य आहे ती दृष्टी एका तासाचीही शुद्ध असू शकते. ज्या दृष्टीला ते मान्य नाही तिला वीस वर्षेही अपुरी.

भारतीय परंपरेने थोड्या काळाच्या आगंतुकासाठी एक प्रतिष्ठेचा शब्द राखून ठेवला आहे. ज्याची स्थिती नित्य नाही तो अतिथी, अशी व्युत्पत्ती स्मृतिकार देतात. एक रात्र राहणाऱ्यालाच ते नाव शोभते, असेही सांगतात. मराठीतील ‘पाहुणा’ हा शब्द ‘पाहणे’ या क्रियापदाच्या जवळचा वाटतो, पण तो प्राघूर्ण या संस्कृत शब्दावरून, फिरत फिरत आलेला या अर्थाने आला आहे. म्हणजे तोकडा मुक्काम हे या संस्कृतीने वैगुण्य मानले नाही; उलट त्याला धर्माची चौकट दिली. यजमानावर कर्तव्ये घातली, तशी अतिथीवरही मर्यादा घातली: घर दुसऱ्याचे आहे हे त्याने विसरू नये. अतिथी आणि गिऱ्हाईक यांच्यातला भेद येथेच आहे. गिऱ्हाईकाला वाटते की किंमत चुकती झाली, आता देणे उरले नाही. अतिथीला ठाऊक असते की, जे मिळाले त्याची किंमत होत नाही, आणि म्हणून देणे उरतेच. सहलीच्या जहाजावरचा प्रवासी आपल्या प्रवासाचे पैसे शहराला देत नाही, जहाजाच्या मालकांना देतो. शहराच्या वाट्याला त्यातले किरकोळ येते. तरी आपण शहराचे पैसे मोजले आहेत अशी त्याची समजूत सहज होते, आणि त्या समजुतीने त्याचा अतिथीपणा नाहीसा होतो.

याच जहाजावर आणखी एक पाहणारा असतो, आणि त्याचा विचार सहसा होत नाही. जगभरच्या सहलींच्या जहाजांवर गोव्याची माणसे मोठ्या संख्येने काम करतात; ज्यांना गोव्यात तारवटी म्हणतात त्यांचा हा जुना व्यवसाय आहे, आणि कोकणातल्या घरांनाही ‘तो शिपवर असतो’ हे वाक्य परिचयाचे आहे. प्रवासी टेकडीवर चढत असतात तेव्हा स्वयंपाकघरात रात्रीच्या जेवणाची तयारी चालू असते, खोल्यांतील चादरी बदलल्या जात असतात. काम आटोपून तासाभराची मोकळीक मिळालीच तर ती बंदराच्या दारापाशी, घरी फोन करण्यात संपते. एकाच बंदराला दहा वेळा लागूनही ज्याला ते शहर गोलाकार काठापलीकडे ठाऊक नाही, असा हा प्रवासी. ‘वालपाराइसो पाहिले’ असे तो म्हणणार नाही. ‘तिकडे आमची बोट लागायची’ एवढेच तो गावी परतल्यावर सांगेल, आणि त्या वाक्याइतके तंतोतंत सत्य प्रवासवर्णनाच्या पुष्कळ पानांत सापडत नाही.

मराठी वाचकाला या प्रश्नाची दुसरी बाजूही अनोळखी नाही. मुंबई आणि मुरगाव ही इतरांच्या सहलीतील एका दिवसाची बंदरे आहेत. महालक्ष्मीच्या पुलावर उभे राहून परदेशी पाहुणे खालच्या धोबीघाटाची छायाचित्रे घेतात तेव्हा खाली कपडे आपटणारा माणूस कधी मान वर करून पाहतो, कधी पाहत नाही. पुलावरच्या माणसाला ते दृश्य वाटते. खालच्या माणसाची ती कामाची पाळी असते. जे मुंबईकराला पुलाखालच्या बाजूने खटकते ते त्याने स्वतः वालपाराइसोच्या उद्वाहकात करू नये, एवढी अपेक्षा तर्काला सोडून नाही. तो उद्वाहक तेथील म्हातारीला बाजाराची पिशवी घेऊन घरी पोहोचविणारे साधन आहे. प्रवाशांच्या रांगेमुळे तिला ताटकळावे लागले, तर त्या दिवसाच्या सौंदर्याचे मूल्य तिने दिलेले असते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. वर्षभर कष्ट करून चार दिवस समुद्रावर आलेल्या माणसाने प्रत्येक भिंतीमागे अन्याय शोधीत फिरावे काय? असे फिरणे हीही एक विकृती आहे. अपराधाच्या भावनेने पछाडलेला प्रवासी समोरच्या शहराकडे पाहतच नाही. तो स्वतःच्या सद्सद्विवेकाच्या आरशात पाहत असतो. छळाच्या कथा ऐकून शहरभर उदास होणे, आणि रंग पाहून शहरभर हर्षित होणे, या दोन्हींत शहर हे केवळ निमित्त ठरते. शिवाय त्या शहरातील माणसांना आपल्या रंगांचा, आपल्या समुद्राचा आणि १८९२ साली स्थापन झालेल्या वाँडरर्स या आपल्या फुटबॉल संघाचा जो अभिमान आहे, तोही त्यांच्या दुःखाइतकाच खरा आहे. त्यांना केवळ बळी म्हणून पाहणे हा त्यांचा दुसऱ्या रीतीने केलेला अपमान होय.

तेव्हा मागणी लहान आहे. आनंद घ्यावा, पण ज्या भागाचा घेतला त्याचेच नाव घ्यावे. नाव पांढऱ्या जहाजाजवळून जाताना नावाड्याने त्याची उंची आणि वय सांगितले, तर आणखी एक प्रश्न विचारावा, आणि उत्तर मिळाले नाही तर त्या न मिळण्याचीही नोंद ठेवावी. नीतीचा मुख्य प्रसंग पाहताना येत नाही, तो सांगताना येतो. शहर सोडून गेलेला माणूस पुढे आयुष्यभर त्या शहराचा साक्षीदार असतो. त्याच्या गावी त्या शहराविषयी बोलणारा कदाचित तो एकटाच असतो. त्याच्या तोंडून ‘तिकडे सारे असेच असते’ हे वाक्य निघाले की तीन लाख माणसांच्या वतीने त्याने खोटी साक्ष दिलेली असते, आणि ती तपासावयास कोणी येणार नसते. साक्ष तोकडी असल्याने खोटी होत नाही. कोठे उभे राहून पाहिले, किती वेळ पाहिले, मध्ये काय आडवे आले, हे ज्याने सांगितले त्याची तोकडी साक्षही न्यायालयात ग्राह्य धरली जाते.

संध्याकाळी जहाज सुटते तेव्हा टेकड्यांवर दिवे लागलेले असतात. दिवसा खालच्या आणि वरच्या घरांत रंगांचा, डागडुजीचा, खिडक्यांच्या आकाराचा थोडाफार भेद तरी दिसत होता. आता तोही मिटतो आणि अर्धवर्तुळभर सारखेच ठिपके उरतात. २०१४ साली जळून पुन्हा बांधलेल्या घरांचे दिवे त्यांत कोणते, आणि आलेमानिया रस्त्याखालचे कोणते, हे समुद्रावरून सांगता येत नाही. कठड्याशी उभ्या असलेल्या प्रवाशांपैकी एखाद्याला निदान तो रस्ता कोठून जात असेल हे शोधावेसे वाटले, आणि अंधारात तो सापडला नाही, तर त्याने शेजाऱ्याला तसेच सांगावे.